चढणीवरचा सोबती

शास्त्रपाठ : लूक २४:१३-३५, २ राजे २:१-१५, गलतीकरांस पत्र ६:१-५



देवाबरोबरच्या जीवनाला पवित्र शास्त्राने पुष्कळ उपमा दिल्या आहेत. त्यांतील सर्वांत जुनी आणि साधी उपमा चालण्याची आहे. हनोख देवाबरोबर चालला (उत्पत्ती ५:२४), नोहाही चालला (६:९). परमेश्वर मनुष्यापासून काय मागतो हे सांगताना मीखा संदेष्टा न्याय व दया यांच्यामागून देवासमागमे नम्रपणे चालण्याशी येऊन थांबतो (मीखा ६:८). अंत्युखियात शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव मिळाले, त्याआधीपासून आपल्या विश्वासाला ‘मार्ग’ असे म्हणत असत (प्रे. कृत्ये ९:२). स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रे तर यरुशलेमेकडे चढून जाणाऱ्या यात्रेकरूंचीच आहेत. यरीहो समुद्रसपाटीच्या खाली आणि यरुशलेम सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर. त्या बाजूने सणाला येणाऱ्यास हजार मीटरांची चढण चढावी लागे, तीही उघड्या डोंगरांतून. पाय घसरू न देणाऱ्या परमेश्वराविषयी १२१ व्या स्तोत्रात जे म्हटले आहे, त्यामागे अशी खरी दगडधोंड्यांची वाट आहे, हे लक्षात ठेवून ते स्तोत्र पुन्हा वाचून पाहावे.

आपण मात्र विश्वासाचा विचार बहुधा बसून करतो. बाकावर बसून उपदेश ऐकतो, खुर्चीवर बसून शास्त्राभ्यास करतो, दुःखिताच्या घरीही कोचावर बसूनच सांत्वन करतो. बसण्याला माझा विरोध नाही. मरीया प्रभूच्या चरणांशी बसलीच होती. तथापि, दोन माणसे एका दिशेला तोंड करून बरोबर चालतात तेव्हा काही गोष्टी घडतात, ज्या समोरासमोर बसून घडत नाहीत. त्यांचा विचार या पाठात करू.

त्यासाठी आधाराला मी कळसूबाईची वाट घेतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील वाचकांसाठी सांगतो : १६४६ मीटर उंचीचे हे सह्याद्रीतील शिखर महाराष्ट्रात सर्वांत उंच आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, पायथ्याच्या बारी गावातून वाट निघते. आरंभी भाताची खाचरे, मग झाडी, मग एकामागून एक टप्पे. जेथे कातळ उभा आहे तेथे लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. माथ्यावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे आणि खाली भंडारदऱ्याचे पाणी दिसते. सरावाच्या माणसाला तीन तास पुरतात. आम्हांला पाच लागले.

‘आम्ही’ म्हणजे मी आणि माझे एक स्नेही. ते निवृत्त शिक्षक. आमच्या मंडळीत वीसेक वर्षे त्यांनी रविवारची शाळा चालविली. त्यांच्या पत्नी दीर्घ आजारानंतर प्रभूकडे गेल्या आणि त्यांनी उपासनेस येणे सोडले. मंडळीने त्यांना टाकले असे मुळीच नाही. लोक जात, वचन वाचीत, प्रार्थना करीत. काही महिन्यांनी त्यांनी दार उघडणेच कमी केले. मग एके दिवशी त्यांचाच निरोप आला, “कळसूबाईला येता का? तिला एकदा नेईन म्हणालो होतो. राहून गेले.”

डोंगरात पहिला प्रश्न गतीचा येतो. एकाचा दम मोठा, दुसऱ्याचा लहान. ज्याचा दम मोठा तो पुढे जातो, एखाद्या वळणावर झाडाखाली बसून मागच्याची वाट पाहतो, आणि मागचा धापा टाकीत येऊन पोहोचला की, “आलात? चला,” म्हणून उठतो. यात पुढच्याला दर वळणावर विसावा मिळतो आणि मागच्याला, ज्याला विसाव्याची खरी गरज असते, त्याला एकदाही मिळत नाही. शिवाय पुढच्याची अशी प्रामाणिक समजूत असते की, आपण थांबत थांबत, सांभाळून घेत चाललो आहोत. डोंगर चढणाऱ्यांचा जुना नियम म्हणून असा आहे की, सर्वांत हळू चालणाऱ्याने पुढे राहावे आणि बाकीच्यांनी त्याच्यामागून त्याच्या पावलाने जावे.

हा नियम याकोबाला ठाऊक होता. एसावाने बरोबर चालण्याचा आग्रह केला तेव्हा त्याने सांगितले की, मुले सुकुमार आहेत, मेंढ्या-गाई दुभत्या आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी सगळा कळप मरेल. गुरांच्या आणि मुलांच्या चालीने मी सावकाश येतो (उत्पत्ती ३३:१३-१४). याकोबाच्या मनात भावापासून दूर राहण्याचा हेतूही होता, आणि तो सेईरास गेलाच नाही, सुक्कोथास गेला. तेव्हा त्याच्या बोलण्यातील सगळेच सरळ मानण्याचे कारण नाही. पण कळपाविषयी त्याने जे सांगितले ते मेंढपाळाचे अनुभवाचे ज्ञान आहे, आणि मंडळीच्या प्रत्येक वडिलाने ते आपल्या टेबलावर लिहून ठेवावे. शोकात असलेल्या माणसाला आपण साधारणपणे तीन महिन्यांची मुदत देतो. त्यानंतर, “आता सावरले पाहिजे,” हे आपले “आलात? चला,” असते. इब्री लोकांस पत्र लिहिणारा लंगड्याचा पाय उखळू नये म्हणून वाटा सरळ करावयास सांगतो (१२:१३). लंगड्याने पाऊल उचलावे, असे तो म्हणत नाही.

दुसरी गोष्ट मौनाची. चढणीवर बोलता येत नाही. श्वास बोलण्यासाठी शिल्लकच राहत नाही. एरवी दोन माणसांत मौन पडले की कोणीतरी ते भरून काढण्याची घाई करतो. डोंगरात मौनाला कारण मिळते, आणि ते दोघांनाही अवघड वाटत नाही. त्या दिवशी पहिल्या दोन तासांत माझे स्नेही चार वाक्येही बोलले नसतील, आणि त्यांतील दोन पाण्याविषयी होती. ईयोबाच्या तिघा मित्रांची आपण नेहमी निंदा करतो. पण ते दूरच्या ठिकाणांहून ठरवून आले, त्याला पाहून मोठ्याने रडले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ भुईवर काही न बोलता बसले (ईयोब २:११-१३). आपल्यांतील किती जणांनी एक रात्र तरी असे केले आहे? त्यांचे बिघडले ते आठव्या दिवशी, तोंड उघडल्यावर. आणि ते जे बोलले त्यात पुष्कळसे सुभाषितांसारखे खरेच होते, ही त्या ग्रंथातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

येथे २ राजे २ या अध्यायाकडे वळू. एलीयाला परमेश्वर वर घेणार, त्या दिवशीचा तो प्रवास आहे. गिलगालाहून बेथेल, बेथेलाहून यरीहो, यरीहोहून यार्देन. प्रत्येक टप्प्यावर एलीया अलीशाला म्हणतो की, तू येथेच राहा. आणि तीनही वेळा अलीशा शपथ वाहून नाकारतो. हा भाग आपण बहुधा दुप्पट आत्म्याच्या मागणीसाठी वाचतो. पण वाटेतील एक तपशील पाहा. बेथेल आणि यरीहो या दोन्ही ठिकाणी संदेष्ट्यांचे शिष्य अलीशाला गाठून विचारतात : तुझा स्वामी आज तुझ्यापासून नेला जाणार, हे तुला ठाऊक आहे काय? आणि दोन्ही वेळा तो सांगतो की, मला ठाऊक आहे, तुम्ही गप्प राहा (वचने ३ व ५). शिष्य खोटे बोलत नव्हते. त्यांची माहिती अचूक होती, कदाचित तिला प्रकटीकरणाचा आधारही होता. पण ते वाटेच्या कडेला उभे राहून बोलत होते, आणि अलीशा चालत होता. पुढे यार्देनेजवळही पन्नास जण दूर उभे राहून पाहत राहिले (वचन ७). नदी उतरून पलीकडे गेले ते दोघेच.

आमच्या वाटेवर दुसऱ्या शिडीनंतर एका सपाटीवर आम्ही भाकरी खाण्यास बसलो, तेव्हा माझे स्नेही आपण होऊन बोलले. त्यांनी सांगितले की, पत्नीच्या आजाराचे शेवटचे काही आठवडे त्यांना सर्व ठाऊक होते आणि पत्नीलाही ठाऊक होते. पण घरी येणारा प्रत्येक जण बरे होण्याविषयीचीच वचने वाची, म्हणून त्या दोघांना एकमेकांशी मरणाविषयी बोलता आले नाही. “आमच्या विश्वासाला कमीपणा येईल असे वाटे,” ते म्हणाले. “अजून सायंकाळी चहाचे दोन कप काढले जातात माझ्या हातून. त्याविषयी कोणते वचन आहे?” मी उत्तर दिले नाही. ते उत्तराची वाटही पाहत नव्हते. त्यांनी फडके झटकले आणि उठले.

वाचकहो, आरोग्यासाठी प्रार्थना करू नये असे मी सुचवीत नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तशी आज्ञा आहे. पण यार्देनेपर्यंत बरोबर जावयाचे असेल, तर नदी पुढे आहे हे सोबत्याला माहीत आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. आपल्या मंडळ्यांत मरणासन्नाच्या खाटेजवळ हे क्वचितच घडते, आणि त्याची किंमत मागे राहिलेला पुढे कित्येक वर्षे भरीत असतो.

ओझ्याविषयी थोडे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल दुसऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो, आणि तीनच वचनांनंतर म्हणतो की, प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे. शास्त्राभ्यासात हा विरोध नेहमी कोणीतरी दाखवितो. मूळ ग्रीकात दोन निरनिराळे शब्द आहेत : दुसऱ्या वचनात ‘बारोस’, म्हणजे दडपून टाकणारे वजन, पाचव्यात ‘फोर्तिओन’, म्हणजे ज्याचे त्याने न्यावयाचे बोचके. डोंगरात हा फरक कोशाशिवाय कळतो. शिडीखाली मी त्यांच्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या माझ्या पिशवीत घेतल्या; त्यांनी दिल्या. त्यांची पिशवीही मागितली. ती त्यांनी दिली नाही, आणि मी पुन्हा मागितली नाही. दुसऱ्याचे पाणी वाहता येते, त्याचे पाय होता येत नाही. सर्वच भार काढून घेणारा सोबती चढणाऱ्याला यात्रेकरूचा डोलीतला प्रवासी करतो. प्रभूने बारा जणांना दोघे दोघे करून पाठविले, तेव्हा काठीशिवाय वाटेसाठी काही घेऊ नका असे सांगितले (मार्क ६:७-८). सामान कमी केले, पण सोबती काढला नाही.

शिडीचाही एक नियम आहे. मागच्याने पुढच्याच्या टाचेला डोके लावून चढू नये. वरच्याचा पाय निसटला किंवा दगड सुटला, तर दोघेही खाली येतात. आवाज पोहोचेल इतके जवळ, आणि धक्का पोहोचणार नाही इतके दूर, असे अंतर ठेवावे लागते. मिखमाशाच्या खिंडीत योनाथान आणि त्याचा शस्त्रवाहक हातापायांनी सुळका चढून गेले, तेव्हा शस्त्रवाहक त्याच्यामागून होता (१ शमुवेल १४:४-१३). त्या तरुणाचे नावही शास्त्राने सांगितलेले नाही. आपल्या मनात येईल ते करा, मी आपल्याबरोबर आहे, एवढाच त्याच्या उत्तराचा आशय (वचन ७). सोबत्याचे काम पुष्कळदा इतकेच असते, आणि ज्यांना पुढे राहण्याची सवय आहे त्यांना ते फार कठीण जाते.

आता आपल्या मुख्य पाठाकडे येऊ. यरुशलेमेहून अम्माऊसकडे दोन शिष्य चालले आहेत. अंतर साठ स्टेडिया, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर. दिवस पुनरुत्थानाचा, पण त्यांच्या लेखी तो पराभवाचा तिसरा दिवस आहे. विशेष हे की, ते चुकीच्या दिशेने चालले आहेत. शिष्य यरुशलेमेत जमले आहेत, कबर रिकामी असल्याची वार्ता आली आहे, आणि हे दोघे तेथून निघून जात आहेत. प्रभू त्यांना वाटेत अडवून परत फिरवीत नाही. तो जवळ येतो आणि त्यांच्याबरोबर चालू लागतो, त्यांच्याच दिशेने. लूकाने येथे वापरलेले क्रियापद चालू राहिलेली क्रिया दाखविते : तो चालत राहिला.

मग तो विचारतो. चालताना तुम्ही एकमेकांशी काय बोलत आहात? ते म्लानमुख होऊन थांबतात. क्लयपा जवळजवळ रागावूनच उत्तर देतो : यरुशलेमेत काय घडले हे तुम्हांलाच तेवढे ठाऊक नाही काय? यावर प्रभू पुन्हा विचारतो : काय घडले? ज्याच्या हातांना खिळे ठोकले गेले, तो विचारीत आहे की काय घडले. विद्यार्थ्यांना हे वाचून दाखविताना येथे थोडे थांबावे. त्यांची हकीकत लूकाने १९ ते २४ या सहा वचनांत दिली आहे. प्रभूचे प्रत्यक्ष शब्द २५ व २६ या दोनच वचनांत आहेत, आणि सबंध शास्त्राचे जे विवरण त्याने केले त्याचा सारांश एका वचनात. आपल्या सांत्वनभेटींत हे प्रमाण नेमके उलटे असते.

त्या सहा वचनांच्या मध्यभागी एक छोटे वाक्य आहे : तो इस्राएलाची सुटका करील अशी आमची आशा होती (२१ व्या वचनाचा हा आशय). आशा, पण भूतकाळात. विश्वासणाऱ्याच्या तोंडून निघू शकणारे हे सर्वांत दुःखी वाक्य आहे, आणि प्रभूने ते पूर्ण होऊ दिले. तो मंदबुद्धीबद्दल त्यांना दोष देतो, हे खरे; पण ते पुष्कळ पुढे, सगळे ऐकून घेतल्यावर. ज्याने ऐकले त्याच्या रागावण्यानेही हृदय पेटले, असे तेच मागाहून सांगतात (वचन ३२). आणखी एक गंमत : १४ व्या वचनात दोघांच्या संभाषणासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याच मुळापासून पुढे चर्चमधील प्रवचनाला ‘होमिली’ हे नाव पडले. उपदेशपीठाचा पूर्वज वाटेवरची गोष्ट आहे, हे आम्ही उपदेश करणारे सहसा विसरतो.

मराठी ख्रिस्ती लोकांना वाटेवरच्या सोबत्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १८९३ साली राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांना एका अनोळखी सहप्रवाशाने नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक ती वाचीत गेले, डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथे खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो गृहस्थ आपल्या स्थानकावर उतरून गेला. आपण ज्याला पुस्तक दिले त्याच्या लेखणीतून सबंध मराठी मंडळी गाणार आहे, हे त्याला त्या डब्यात कोणी सांगितले नव्हते.

अम्माऊस जवळ आल्यावर प्रभू पुढे जाण्याचा रोख दाखवितो (वचन २८). आमंत्रणाशिवाय तो घरात शिरत नाही. त्यांनी आग्रह केला म्हणून तो आत गेला. आणि ओळख पटते ती विवरणाच्या वेळी नव्हे, भाकर मोडताना. ओळख पटताच तो अंतर्धान पावतो, आणि ते दोघे त्याच घटकेस उठून, रात्र पडली असता, अकरा किलोमीटर मागे चालत जातात. परत फिरा, असे त्यांना कोणीही सांगितलेले नाही.

शिखराविषयी मी मुद्दामच थोडे लिहितो. माथ्यावर वारा फार होता. माझे स्नेही देवळाच्या बाजूला उभे राहून बराच वेळ भंडारदऱ्याकडे पाहत होते, आणि मी पलीकडे, त्यांना एकटे वाटणार नाही इतक्या अंतरावर. काही चमत्कार झाला नाही. रूपांतराच्या डोंगरावर पेत्राला मंडप उभारावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी खाली उतरल्यावर समोर एक आजारी मुलगा आणि त्याचा रडकुंडीस आलेला बाप होता (लूक ९:३३-४२). डोंगर चढणाऱ्यांना माहीत असते की चढण छातीला लागते आणि उतार गुडघ्यांना. पाय घसरतो तो बहुधा उतरताना, जेव्हा मनाने आपण घरी पोहोचलेले असतो. घसाऱ्यावर आम्ही एकमेकांचा हात धरूनच उतरलो. त्यानंतरच्या रविवारी ते उपासनेस आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. नाताळनंतर केव्हातरी येऊन शेवटच्या बाकावर बसले आणि आशीर्वचनापूर्वी उठून गेले. दाराशी उभ्या असलेल्या बंधूने त्यांना अडविले नाही, नुसती मान लवविली, याबद्दल मी देवाचे आभार मानले.

आपल्या शास्त्राभ्यासमंडळात हा पाठ घ्यावयाचा असेल तर एक सूचना. लूक २४:१३-२४ एवढेच मोठ्याने वाचावे आणि तेथे थांबावे. मग सभासदांच्या जोड्या कराव्या. तरुणाबरोबर वृद्ध, जुन्या सभासदाबरोबर नवा. डोंगर नसेल तर चर्चचे आवार, नदीकाठ किंवा गल्लीही चालेल. अर्धा तास चालावे, गती हळू चालणाऱ्याने ठरवावी. विषय नेमून देऊ नये. एकाने क्लयपासारखे आपली ‘आशा होती’ ती सांगावी, दुसऱ्याने केवळ ‘काय घडले?’ एवढेच विचारावे. परत आल्यावर कोण काय बोलले हे कोणालाही विचारू नये. २५ व्या वचनापासून पुढचा भाग पुढील आठवड्याच्या सभेसाठी ठेवावा. आणि त्या सभेत जमल्यास उपदेशाआधी सर्वांनी मिळून एकत्र भोजन करावे.